थंब येत नाही? आधी बघा, भांडण कोणाचं आहे

नेहमीसारखंच, जसं बोललो तसं उतरवलंय. मधले 'अं… अं…' तेवढे काढलेत.

आज सुरुवात एका व्हॉइस नोटनं. उमरखेडकडचा एक पोट्टा आहे, नुकतंच सेवा केंद्र टाकलंय त्यानं. तो म्हणतो, "दादा, नवीन थंब मशीन घेतलं. ते लावलं तं जुनं चालत होतं तेही बंद पडलं, अन् नवंही चालून नाही रायलं. दुकानवाला म्हणते फॉरमॅट मारा. मारू का?"

नको मारू भावा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फॉरमॅट हे सगळ्या रोगांवरचं एकच औषध झालंय. प्रिंटर अडला, मारा फॉरमॅट. आवाज येत नाही, मारा फॉरमॅट. यात होतं काय, की तीन तास जातात, लोकांचे स्कॅन केलेले कागद जातात, आणि मग आपण तीच दोन मशीनं पुन्हा तशीच जोडतो. भांडण पुन्हा जागच्या जागी.

भांडण म्हणतोय, कारण विषयच तो आहे. एका कॉम्प्युटरला जोडलेल्या दोन वस्तू जेव्हा एकाच गोष्टीवर हक्क सांगतात, तेव्हा त्याला डिव्हाइस कॉन्फ्लिक्ट म्हणतात. दोघींना एकच लाइन हवी असते, किंवा एकच पोर्ट, किंवा एकाच यूएसबीचा करंट. बऱ्याचदा दोघीही चांगल्या असतात. एकेकटी लावली तर झकास चालते.

मला हे नीट कळलं त्याला एक कारण घडलं, आणि त्यात चूक माझी होती. तेच आधी सांगतो.

२०२० चा फेब्रुवारी. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेच्या याद्या लागल्या होत्या. दोन लाखांपर्यंतचं थकीत पीक कर्ज माफ होणार होतं. यादीत नावासमोर एक विशिष्ट क्रमांक असायचा. तो घेऊन केंद्रावर यायचं, आधारचं प्रमाणीकरण करायचं, म्हणजे अंगठा लावायचा, स्क्रीनवरची कर्जाची रक्कम बरोबर आहे म्हणून मान्य करायचं, मग पुढे बँकेत पैसे. मी तेव्हा घाटंजी तालुक्यात एका केंद्रावर ऑपरेटर होतो. सकाळी शटर वर करायच्या आधीच दाराशी तीस-चाळीस माणसं बसलेली असायची. चपला रांगेत, माणसं निंबाच्या सावलीत.

त्या गर्दीत एक आबाजी होते. सत्तरीच्या पुढचे. रानात फरदडीचा कापूस अजून उभा होता आणि वेचणी टाकून ते आले होते. अंगठा ठेवला. नाही आला. पुसून ठेवला, नाही आला. डावा ठेवला, तोही नाही. मी काय केलं? जे सगळे ऑपरेटर करतात तेच. त्यांचा हात हातात घेतला, बोटं पाहिली, बोंडाच्या टोकांनी टोचून टोचून खरखरीत झालेली, आणि म्हणालो, "आबाजी, तुमच्या अंगठ्याच्या रेषाच गेल्या. रात्री खोबऱ्याचं तेल लावा, उद्या या."

ते दुसऱ्या दिवशी तेल लावून आले. पुन्हा तेच. तिसऱ्या चकरेला आले तेव्हा चिडले होते. "बाबू, तीन दिवस झाले. घरी कापूस वेचाले कोनी नाही. माहा अंगठा मेला तं आता मी काय दुसरा आनू?"

मी म्हटलं थांबा, आपण डाव्या हाताचं तर्जनी बोट पाहू. तेवढ्यात लाइट गेली, आली. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर्जनी ठेवली, आणि पटकन आलं! आबाजी खूश, मी खूश. मी त्यांना वर ठासून सांगितलं, "आता लक्षात ठेवा, तुमचा उजवा अंगठा चालत नाही. कुठंही गेले तं हेच बोट द्या."

आता इथं जरा थांबा आणि नीट बघा. बोट बदललं हे खरं. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट बदलली होती. कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला होता. मी श्रेय बोटाला देऊन मोकळा झालो.

तेव्हा मला सवय होती, एरर आला की मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढायचा आणि ऑपरेटर लोकांच्या ग्रुपवर टाकायचा. आठ-दहा दिवसांनी गर्दी ओसरल्यावर मी ते फोटो बघत बसलो. आबाजीच्या वेळचे पाच फोटो होते. मोठ्या अक्षरात काहीतरी 'अयशस्वी' वगैरे, आणि खाली बारीक आकडा. तीन फोटोंवर ७२०. दोनांवर ७१०.

हे आकडे आता तुम्ही पाठच करून टाका, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे.

अंगठा जुळला नाही, म्हणजे बोटाची छाप आधारच्या सर्व्हरपर्यंत गेली, तिथं तुमच्या नोंदीशी ताडून पाहिली आणि मेळ बसला नाही, तर एरर येतो ३००. बोटाबद्दल तक्रार असलेला हा एरर. ७२० चा अर्थ, मशीन तयारच नाही. ७१० चा अर्थ, मशीन दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोग्रामनं धरून ठेवलंय. हे दोन्ही आपल्याच टेबलावर जन्मतात, सर्व्हरपर्यंत काही जातच नाही. मधला एक ७०० आहे, वेळ संपली. त्यात दोन्ही शक्यता असतात. बोट कोरडं असेल किंवा काच मळलेली असेल. काच आधी पुसा, मग माणसाला बोला.

माझ्या पाच फोटोंत ३०० एकदाही नव्हता. म्हणजे तीन दिवस मी ज्या अंगठ्याला नावं ठेवत होतो, तो अंगठा कोणी पाहिलाच नव्हता. मशीनच्या काचेवर ठेवला होता, एवढंच.

मग झालं काय होतं? आमच्याकडे दोन कंपन्यांची दोन थंब मशीनं होती. एक रोजचं, एक जादाचं, ड्रॉवरमध्ये. दोन्हींचं सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर टाकलेलं. याला आरडी सर्व्हिस म्हणतात, आरडी म्हणजे रजिस्टर्ड डिव्हाइस. २०१७ पासून आधारच्या कामाला साधं स्कॅनर चालत नाही, नोंदणी झालेलंच लागतं, आणि त्याच्यासोबत ही सर्व्हिस मागे सतत चालू असते. ती दिसत नाही, खिडकी उघडत नाही. पण कॉम्प्युटरच्या आत एका दारामागे बसून राहते.

दार म्हणजे पोर्ट. यूएसबीचं भोक नव्हे हं, आतलं, नंबरचं पोर्ट. आरडी सर्व्हिससाठी ११,१०० ते ११,१२० अशी एकवीस दारं ठरवून दिलेली आहेत. जी सर्व्हिस आधी उठेल ती पहिलं मोकळं दार धरते, म्हणजे बहुधा ११,१००. दुसरी उठते, पाहते की इथं कोणी बसलंय, आणि ११,१०१ वर जाते. वेबसाइटला अंगठा हवा असला की ती या दारांवर टकटक करते. आतून उत्तर तीनच प्रकारचं येऊ शकतं. तयार आहे. तयार नाही. वापरात आहे.

शहाणी वेबसाइट एकवीसही दारं ठोठावते आणि जिथून 'तयार आहे' येईल तिथं थांबते. पण सगळ्याच काही शहाण्या नसतात. काही पहिल्या दारावर जातात, जे उत्तर मिळेल ते घेऊन परत येतात. आमच्याकडे ज्या दिवशी ड्रॉवरमधल्या मशीनची सर्व्हिस आधी उठायची, त्या दिवशी ११,१०० वर ती बसायची. तिचं मशीन तर जोडलेलंच नाही. ती प्रामाणिकपणे म्हणायची, तयार नाही. संपलं. ७२०. आणि खरं मशीन शेजारच्या दारात दिवा लावून वाट पाहत बसलेलं.

लाइट गेली-आली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, या वेळी रोजच्या मशीनची सर्व्हिस आधी उठली, तिनं पहिलं दार धरलं, झालं काम. त्या क्षणी आबाजींनी उजवा अंगठा दिला असता तरी मशीननं तो निदान पाहिला तरी असता.

आणि ७१०? ते तर आणखी लाजिरवाणं. त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या खिडकीत आम्ही अंगठ्यावर पैसे काढून द्यायचं अ‍ॅप उघडं ठेवायचो. मधेच कोणी पाचशे-हजार काढायला आलं की पटकन काम होतं म्हणून. त्या अ‍ॅपनं मशीन धरून ठेवलं, सोडलंच नाही.

हे भांडण नवीन आहे का? अजिबात नाही. कॉम्प्युटरइतकंच जुनं आहे. १९८१ चा पहिला आयबीएम पीसी घ्या. त्यात कीबोर्ड, प्रिंटर, मोडेम वगैरेंनी प्रोसेसरला हाक मारायची तर त्यासाठी आठच तारा होत्या. त्यांना आयआरक्यू म्हणतात. १९८४ च्या मॉडेलमध्ये त्या पंधरा-सोळा झाल्या. वस्तू वाढल्या, तारा तेवढ्याच. कॉम-१ आणि कॉम-३ या दोन्ही पोर्टांना एकच तार, चार नंबरची. म्हणजे माउस कॉम-१ वर आणि इंटरनेटचा मोडेम कॉम-३ वर लावला, की मोडेमनं फोन लावताच माउस गोठायचा. लोक म्हणायचे माउस खराब आहे, नवीन आणायचे. नवीनही गोठायचा. साउंड कार्डाचं प्रिंटरशी तसंच, सात नंबरच्या तारेवरून. तेव्हा झाकण उघडून कार्डावरची इवलीशी जंपरची टोपी हातानं सरकवावी लागायची.

१९९५ ला विंडोज ९५ आलं आणि सांगण्यात आलं, आता तुम्ही फक्त जोडा, बाकीचं आम्ही पाहू. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स स्टेजवर, विंडोज ९८ दाखवणं चालू, यूएसबीचा स्कॅनर जोडला आणि अख्ख्या हॉलसमोर निळा स्क्रीन! तो व्हिडिओ अजून सापडतो, जरूर बघा, आपल्याला जरा धीर येतो.

आज त्या तारांचं भांडण जवळपास संपलंय. यूएसबीनं ते मिटवलं. एका यूएसबी कंट्रोलरवर १२७ पत्ते बसतात. पण पत्ता मिळाला म्हणजे पोट भरलं असं नाही. साध्या यूएसबी २ च्या पोर्टातून पाचशे मिलिअँपिअर करंट मिळतो. बाजारातला दीडशे रुपयांचा चार तोंडांचा हब घेतला आणि त्याला वेगळी वीज नसली, तर ते पाचशे चौघांत वाटले जातात. थंब मशीन, वेबकॅम, पेन ड्राइव्ह, आणि कोणाचा तरी मोबाइल चार्जिंगला. हो, तो मोबाइल! केंद्रावर आलेला प्रत्येक माणूस म्हणतो, "भाऊ, दहा मिनिटं लावून ठेवा." त्यानं सगळ्यात जास्त ओढलं, की थंब मशीनचा दिवा मिणमिणतो. म्हणून थंब मशीन नेहमी कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टात, थेट. हबमध्ये नाही, एक्स्टेन्शनवर नाही.

बरं, आता हातानं करायचं काय ते बोलू. डोकं शांत ठेवून.

कीबोर्ड आणि माउस सोडून सगळं काढा. प्रिंटर, हब, कॅमेरा, सगळं. मग रीस्टार्ट करा. शट डाउन करून परत चालू नका करू, रीस्टार्टच दाबा. विंडोज ८ पासून पुढे शट डाउन पूर्ण बंद होतच नाही, फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीमुळे आतला बराचसा कारभार जसाच्या तसा जपून ठेवला जातो, भांडणासकट. रीस्टार्टमध्ये खरी साफसफाई होते. हे एवढं कळलं असतं तर माझी २०२० ची निम्मी कटकट वाचली असती.

मग विंडोजच्या बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. तिथं पिवळा त्रिकोण कुठं दिसतो का बघा. दिसला तर त्यावर डबल क्लिक करा, आत कोड लिहिलेला असतो. बहुतेक लोक इथंच चूक करतात, त्रिकोण दिसला की अनइन्स्टॉल. अरे, आधी वाच तर! कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच टाकलेला नाही. कोड १० म्हणजे वस्तू सुरूच होऊ शकली नाही. कोड ४३ म्हणजे वस्तूनंच सांगितलं की माझं काहीतरी बिघडलंय. तेव्हा केबल आणि पोर्ट बदलून बघा. आणि कोड १२, हा खरा जुन्या घराण्यातला कॉन्फ्लिक्ट, या वस्तूला लागणारी जागा दुसऱ्यानं घेतलीय.

त्रिकोण नाही, सगळं साफ? छान. आता एकच वस्तू जोडा, थंब मशीन. चाचणी घ्या. चाललं तर दुसरी जोडा. पुन्हा चाचणी. ज्या वस्तूनंतर अडलं, ती एक बाजू आणि आधी अडलेली दुसरी. भांडणाचे दोन्ही गडी सापडले. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की माझ्यासारखं होतं, बोटाला श्रेय दिलं जातं.

थंब मशीनच्या बाबतीत आणखी दोन जागा तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट म्हणून भाग असतो. तिथं वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची परवानगी विंडोजला दिलेली असते. ती टिक काढा. नाहीतर अर्धा तास गिऱ्हाईक नसलं की मशीन झोपतं आणि पुढच्या माणसाला ७२० भोगावा लागतो. दुसरी जागा, दारावर कोण बसलंय ते. कमांड प्रॉम्प्ट उघडा, टाइप करा नेटस्टॅट, स्पेस, डॅश, ए एन ओ. लांबलचक यादी येईल. त्यात ११,१०० शोधा, त्या ओळीच्या शेवटी एक नंबर असतो. तोच नंबर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये शोधला की नाव कळतं. वाटतं अवघड, एकदा केलं की दोन मिनिटांचं काम आहे.

तर उमरखेडच्या भावा, तुझं उत्तर. तुझं जुनं मशीन एल-झिरो असणार आणि नवीन एल-वन. जुन्यात छापेचं कुलूपबंद होणं कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायचं, नव्यात ते मशीनच्या आतल्या चिपमध्येच होतं, म्हणून हा बदल केला गेला. तू नवं लावलं पण जुन्याची सर्व्हिस काढली नाही. जुनं मशीन काढ, कंट्रोल पॅनेलमधून त्याची सर्व्हिस अनइन्स्टॉल कर, रीस्टार्ट कर, मग नव्याचं सॉफ्टवेअर टाक, आणि शेवटी मशीन जोड. क्रम महत्त्वाचा. फॉरमॅटची गरज पडू नये.

जे मोबाइलवर ओटीजी केबल लावून काम करतात, त्यांच्याकडेही हेच होतं बरं. मशीन लावलं की फोन विचारतो, कुठलं अ‍ॅप उघडू? घाईत आपण जुनं अ‍ॅप निवडतो आणि 'नेहमी' दाबतो. मग तो नेहमी तिकडंच जातो. त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन डिफॉल्ट पुसून टाकायचं.

जाता जाता एक वेगळी गोष्ट, जिनिंगवर काम करणाऱ्या पोरांसाठी. वजनकाट्याची वायर कॉम्प्युटरला यूएसबीच्या कन्व्हर्टरनं जोडलेली असते. झाडू मारताना कोणी ती काढली आणि शेजारच्या भोकात लावली, की विंडोज त्याला नवा कॉम नंबर देऊ शकतं. सॉफ्टवेअर कॉम-३ वर वाट पाहतंय, काटा बोलतोय कॉम-७ वर. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' केलं की जुनी सगळी भुतं दिसतात, ती काढा आणि पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये नंबर परत तीन करा. आणि भोकावर खडूनं खूण करून ठेवा. सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

हो, ३०० खरंच येतो कधी कधी. कष्टाच्या हातांच्या रेषा पुसट होतात हे खोटं नाही. तेव्हा दुसरं बोट घ्या, आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात. मोबाइल जोडलेला असेल आणि सोय असेल तर ओटीपी घ्या. नाहीच जमलं तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करायला पाठवा. पण ३०० पाहिल्यावर. आधी नाही.

आबाजी मला पुन्हा भेटले २०२२ मध्ये. पीएम किसानच्या ई-केवायसीला आले होते. मी काही म्हणायच्या आधीच त्यांनी डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. म्हटलं, आबाजी, उजवा अंगठा द्या ना. तर म्हणाले, "तो मेला ना बाबू. तूच तं सांगतलं होतं. रेशनच्या दुकानातबी मी हेच बोट देतो."

मी त्यांना सगळं सांगितलं, दोन मशीनं, पोर्ट, चूक माझी होती, सगळं. उजवा अंगठा ठेवायला लावला. पहिल्याच वेळी आला. त्यांनी अंगठा उलटसुलट करून पाहिला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "असू दे. आता हे बोटच बरं हाय. सवय झाली."

चला, थांबतो. तुमच्याकडे एररचा फोटो असेल तर पाठवा, आकडा दिसेल असा काढा.